आठ सेंटिमीटरची रेघ

काचेच्या नळीत वीस माश्या,
केळ्यांवर बसतात त्याच, डाळिंबी डोळ्यांच्या.
नळी तीनदा टेबलावर आपटायची, हलक्या हाताने.
सगळ्या तळाला.
मग दहा सेकंद.
आठ सेंटिमीटरवर मार्करची रेघ आहे,
तिच्यावर किती चढल्या ते मी मोजतो.
(मी पोरगीच. आमच्या शहापुरात पोरीही
येतो, जातो, जेवलो म्हणतात.)

नीलव्वा सांबऱ्याहून येते सहाच्या बसने
आणि माश्यांचा स्वयंपाक करते.
मक्याचं पीठ, यीस्ट, अगर, कडोलीचा गूळ.
यादीत साखर लिहिलीय,
गुळाचे पैसे कित्तूर मॅडम स्वतः देतात.
पातेल्यातून वास सुटतो
सणाच्या आदल्या रात्रीसारखा.
जरा निवलं की त्यात मी चांदी घालतो.

ही चांदी दिसत नाही.
एका केसाच्या जाडीचे चार हजार भाग करा,
त्यातल्या एकाएवढी.
बाटलीत नुसतं पिवळसर पाणी,
कोऱ्या चहात चुकून बर्फ विरघळावा तसं.

चांदीचं मला काय नवल.
बाबा आयुष्यभर पैंजणांना घुंगरं जोडत आले,
तोंडात फुंकणी, बोटांच्या रेषा काळ्या.
आई म्हणते, चांदी थंड, चांदी अंगाला सोसते.
माझ्या गुटीचं बोंडलं चांदीचं होतं.
मी कशाचं विष मोजतो
ते घरी सांगितलेलं नाही.
म्हटलं, माश्यांवर अभ्यास आहे.
बाबा फुंकणी काढून हसले,
माश्या मारायचा पगार देतात होय आता?

अळ्या तेच खाऊन वाढल्या.
कोश फुटले, आणि बाहेर आल्या त्या फिक्या.
पोटावरचे काळे पट्टे
धुऊन विटलेल्या इरकलीच्या काठासारखे.
मॅडम म्हणाल्या, चांदी अंगातलं तांबं अडवून धरते,
तांब्यावाचून रंग चढत नाही.
वहीत मी लिहिलं: रंग कमी.
नीलव्वाने भिंगातून पाहिलं.
"बिळी नोण," म्हणाली. पांढरी माशी.
मग बराच वेळ "पाप, पाप" करत राहिली.
तिच्या कन्नडात पाप म्हणजे बिचारी.
माझ्या मराठीत पाप म्हणजे पाप.
मी कुठलंच खोडलं नाही.

ओंदु, एरडु, मूरु, ती तळातल्या मोजते,
मी वरच्या, एक, दोन, तीन.
साध्या जेवणाच्या नळीत अठरा चढतात.
चांदीच्या नळीत सात. पुन्हा आपटल्यावर पाच.
बाकीच्या भिंतीला पाय लावतात
आणि काय करायला निघालो होतो
ते विसरल्यासारख्या उभ्या राहतात.
एक होती, पुढचे पाय रेघेवर, मागचे खाली.
हिला वर धरायची की खाली?
"रेघेचं काढू नको बाई," नीलव्वा म्हणाली, "आपल्या गावात."
दोघी हसत सुटलो,
तेवढ्यात दहा सेकंद संपले.
वहीत तिथे फुली आहे.

नळ्या धुतलेलं पाणी आम्ही कॅनमध्ये साठवतो.
शुक्रवारी ते न्यायला गाडी येते,
म्हणजे यायची असते. तीन शुक्रवार झाले.
बाबांच्या दुकानातलं धुवण मोरीत जातं,
मोरी नाल्याला, नाला भाताच्या शिवारांत.
पेरणीआधी तिथे काजवे दिसायचे,
मी मोजले नव्हते तेव्हा.
मोजायचे असतात हे कुठे माहीत होतं.

रात्री घरी आलो.
ओट्यावर केळी काळी पडलीयत, आईने टाकली नाहीत.
वर आठ-दहा माश्या.
मोबाइलचा उजेड धरला, जवळ गेलो.
तपकिरी आहेत. पट्टे ठसठशीत.
आई म्हणाली, हाकल की त्यांना.
हो म्हटलं,
आणि तसाच उभा राहिलो.