लष्कर, मध्य भारत

अल्बम उघडला की आधी खळीचा वास,
मग राजा.
हंगेरीचा, शेवटचा. पोरसवदा चेहरा,
आणि त्यावरून गेलेला एक काळा शब्द:
प्रजासत्ताक.
अंबूआत्या म्हणायची, बघ,
डोकं उडवलं नाही, नुसतं खोडलं.
नव्या राज्याला नवा कागद कुठून परवडणार?
जुन्याच गठ्ठ्यावर ठसा मारायचा
आणि पत्रं चालू ठेवायची.

खालच्या ओळीत शेतकरी, गहू कापताहेत.
त्यांच्या अंगावर तांबडी सत्ता, एकशे तेहतीस दिवसांची;
ती झाकायला तिच्यावर पुन्हा
गव्हाचीच एक काळी पेंडी.
कापणारे तसेच वाकलेले.
त्यांना कुणी विचारलं नसावं
पाठीवर किती मजले चढवू म्हणून.

हे सगळं धाडलं मार्गितनं,
बुडापेस्ट, आठवा विभाग, तिसरा मजला.
बदल्यात आत्यानं आपली धाडली:
लंडनच्या राजाचं डोकं,
खाली ग्वालियर, दोन लिप्यांत.
मार्गितनं विचारलं, यातला तुमचा राजा कुठला?
कंपूच्या शाळेतल्या भूगोलाच्या वह्या तपासता तपासता
आत्यानं चार दिवस उत्तर जुळवलं.
शेवटी लिहिलं:
एक बोटीनं गेला, दुसरा राजप्रमुख झाला.
टपाल वेळेवर येतं.

मग छप्पन साल.
मार्गितचं ऑक्टोबरातलं पत्र, पेन्सिलीनं,
कुणाच्या तरी खिशातून सरहद्द ओलांडलेलं,
व्हिएन्नाचा शिक्का.
'झेंड्याच्या मधलं चिन्ह आम्ही कात्रीनं कापून काढलंय.
आता झेंड्याला भोक आहे,
त्यातून आभाळ दिसतं.
रस्त्यात सगळे माना वर करून चालतात,
एकमेकांना धडकतात, हसतात.'
पत्र पोचलं तेव्हा दिवाळीचे दिवे विझले होते,
आणि रणगाड्यांची बातमी
शेजारच्या रेडिओनं आधीच सांगून टाकली होती.

त्याच आठवड्यात इकडे
एकही गोळी न झाडता मध्य भारत संपला.
मोतीमहालातून फायली भोपाळला निघाल्या,
सुतळीनं बांधलेल्या, ट्रकभर;
मागे शिपाई रामसनेही धावतोय, साहब, दवात रह गई!
नाना तिथले हेडक्लार्क.
नवे शिक्के आले नव्हते,
म्हणून दाढीच्या पात्यानं त्यांनी
रबरातला 'भारत' खरवडला
आणि 'प्रदेश' हातानं लिहीत राहिले
महिनाभर,
अक्षर वळणदार, चेहरा आंबट.
राजधानी गेली म्हणून एक पानवाला रडला.
बाकी बाड्यावर कचोरी तीच, भाव तोच.
आत्या म्हणाली, नाना, तुमच्यावरही छापलंच की!
नाना त्या रात्री जेवले नाहीत.
(हसण्यावारी नेण्यासारखं होतं ते. पण नाही जेवले.)

आत्याचं उत्तर फेब्रुवारीत परत आलं.
पाकिटावर जांभळा शिक्का, फ्रेंचमध्ये,
आणि तिसऱ्या मजल्याच्या आकड्यावरून
शाईची एक सरळ रेघ,
पट्टी लावून मारलेली.
पाठीमागे पाठवणारीचा पत्ता:
लष्कर, मध्य भारत.
जायचं होतं ते दार नव्हतं,
निघालं होतं ते राज्य नव्हतं,
तरी आलं,
कारण रहीमबक्ष पोस्टमन राज्य वाचत नसे.
जिन्सीच्या उतारावर सायकल न थांबवता
फडणीसबाई! अशी हाक मारून
पाकीट ओट्यावर भिरकावत असे.

आत्यानं ते कधी फोडलं नाही.
वाफेवर तिकीट तेवढं सोडवलं.
मार्गितच्या पानावर तिनं पट्टीनं
पुढची नऊ घरं आखून ठेवली आहेत,
प्रत्येकाखाली साल लिहायला जागा सोडून.
बुडापेस्टची नवी तिकिटं आता कुठंही मिळतात.
मला मिळाली आहेत.
मी ती तिथं लावत नाही.