चुना

बेटावर होडी लागते मे महिन्यात.
उन्हं चढली की शेतांतून माणसं येतात,
हातांची साल निघालेली,
गळ्याभोवती लाल पट्टा,
जणू जू उतरवून नुकतंच सोडलंय त्यांना.
डॉक्टर त्यांची डोकी मोजतात.
मी वाडगे मोजतो.
मी या वेड्यांच्या इस्पितळाचा आचारी,
मला वहीत काही लिहायचं नसतं.

ओर्सोला फेल्त्रेच्या वरच्या अंगाची.
पहिल्या दिवशी म्हणाली, नदी बोलावते.
दुसऱ्या दिवशी तेच.
तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, रश्श्यात मीठ कमी आहे.
तेव्हा मी ओळखलं, बाई परतीला लागली.

घरी काय खायचीस?
पोलेंता.
रात्री?
मक्याचं दुसरं काय होतं? पोलेंता.
सणाला?
सणाला हेरिंग. एकच. तुळईला दोऱ्याने टांगलेला.
सात जणांनी आपापला तुकडा त्याला घासायचा,
धाकट्याने शेवटी, तोवर वासही झिजलेला.
मासा मात्र ईस्टरपर्यंत पुरायचा.
गहू मालकाचा. अंडी विकून मीठ.
कोंबडीला निदान किडे तरी मिळायचे, ती म्हणाली,
आणि हसली, पहिल्यांदाच.

पोट भरलेलं असायचं, हे ध्यानात घ्या.
उपाशी मेली असती तर कुणाला तरी दिसलं असतं.
हे भरल्या पोटी रिकामं होणं,
पिवळ्याधमक, वाफाळत्या,
दोऱ्याने कापलेल्या वडीवर.

मी तिला दिलं काय?
गाईच्या नळीचा रस्सा, दूध,
शिळा पाव बुडवून, कधी काळीज.
ऑक्टोबरात हातांना नवी कातडी आली.
डॉक्टरांनी लिहिलं, बरी.
सोबत चिठ्ठी दिली: रोज मांस, दूध, अंडी.
ओर्सोलाने ती उलटसुलट पाहिली.
हा कागद उकळायचा की भाजायचा?

त्याच हिवाळ्यात बहिणीचं पत्र आलं, मेक्सिकोहून,
पाद्र्याच्या अक्षरात.
जाकोमिना सांगते, इथेही मकाच, तिन्ही त्रिकाळ.
पण इथल्या बाया तो चुन्याच्या पाण्यात उकळून
रात्रभर झाकून ठेवतात,
सकाळी टरफल चोळून काढतात, मग वाटतात.
आधी मी नाक मुरडलं. आता वर्ष झालं.
अल्विझेचे हात बघायला हवे होतेस,
सुइणीच्या हातांसारखे झालेत.

म्हणजे जहाजातून दाणा आणला कुणीतरी,
दाण्याच्या पाठीमागची बाई नाही आणली.
तिला विचारलं नाही,
रात्री ते भांडं झाकून का ठेवतेस.
चुना लावला म्हणजे फसवलं, असं म्हणतात.
आम्हाला तर तीनशे वर्षं
कुणी तो लावलाच नाही.

डॉक्टरांना वाचून दाखवलं. सभ्य गृहस्थ.
म्हणाले, दोष सडक्या मक्यात, थोडा रक्तात.
चुना भिंतीला.
आणि खरंच भिंतीलाच होता.
दर मार्चमध्ये चोवीस पोती उतरतात इथे,
माझ्या दारातल्या हौदात चुना भिजत पडतो,
कढईपासून हातभर.

एकदा करून पाहिलं, लपवत नाही.
बादलीभर पीठ घेतलं. पीठ.
साबणासारखा गिच्चा झाला,
डुकरांनीसुद्धा तोंड फिरवलं.
टरफल चोळतात असं पत्रात होतं,
पिठाला कुठलं टरफल,
हे मला आठवड्याने सुचलं,
तोवर हौद रिकामा, भिंती पांढऱ्या.

मे आला. होडी आली.
ओर्सोला उतरली, गळ्याभोवती तोच पट्टा.
मला ओळखलं नाही.
नदी बोलावते, म्हणाली,
चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर उभी राहून.
मी पातेल्यावरचं झाकण काढलं.
वाफ तिच्याकडे गेली.
ती थबकली. अजून चमचाही लावला नव्हता.
मीठ, म्हणाली.
मीठ कमी आहे.