वजनाची बातमी

बाहेर हेलसिंकीचा जानेवारी, दुपारी तीनला काळोख.
आत काचघरात सोळा तासांचा उन्हाळा विजेवर चालतो.
हिल्का कॅलिपर पुसते, बोटं पुसते
आणि दोनशे बारा भूर्जांपैकी पहिल्यापाशी वाकते.

उंची सेंटिमीटरमध्ये.
जाडी मिलिमीटरमध्ये, दशांशासकट.
एक आकडा धावतो, दुसरा रांगतो,
वहीत मात्र दोघं एकाच ओळीत.

शेंड्याला घाई, त्याला फक्त उजेड ठाऊक.
खोडात सालीखाली पेशींचा एकच पदर,
नखानं खरवडला तर ओला लागेल एवढा कोवळा.
तो आत लाकूड रचतो, बाहेर साल,
आणि स्वतः मागे सरत राहतो,
सारवता सारवता उंबऱ्याकडे येणाऱ्या बाईसारखा.
पण त्याला सांगतं कोण,
की वर आज आणखी चार पानं फुटली?

नोव्हेंबरात काउकोनं पहिल्या टेबलावरची झाडं
काठ्यांना बांधली, चार चार जागी, सुती फितीनं.
पाणी तेच, खत तेच, दिवा तोच.
सहा आठवड्यांत ती बारीकच राहिली.
हिल्कानं वहीत लिहिलं: बांधलेली, कमी.
मग कॅलिपर शून्यावर आणून
सगळी पुन्हा मोजली.
कमीच.
स्वतःचा भार स्वतःला कळावा
एवढीसुद्धा झुळूक कुणी त्यांना लागू दिली नव्हती.

तिसऱ्या टेबलावरचं घराणं निराळं.
आई सरळ. बाप सरळ.
दोघांच्याही पोटात एकेक मिटलेली चिठ्ठी,
आणि लेकरांत साधारण चारातल्या एकाच्या वाट्याला
दोन्ही चिठ्ठ्या येतात.
तीन महिने पत्ता लागत नाही.
उंची भावंडांएवढी, पानांना तीच करवत.
मग एका मंगळवारी ते बुडापासून कलतं.
मोडत नाही, सुकत नाही.
शेंडा बिचारा अजून दिव्याकडेच बघत असतो
आणि खालचं खोड आडवं.

वजनाची बातमी निघाली असणार.
वाचणारा जागेवर नव्हता,
किंवा उठला तो उशिरा.
गुणसूत्रावरची गल्ली सापडली आहे,
काउको म्हणतो, घर नक्की कुठलं ते दारं वाजवून बघतोय.
तो हे दोन वर्षं म्हणतो आहे.

संध्याकाळी घरी, कॉरिडॉरमध्ये बुटांचं तळं.
तूरे, वय पंधरा, ऑगस्टपासून अकरा सेंटिमीटर,
चौकटीला पाठ लावून उभा: आई, खूण कर.
चौकटीवर पेन्सिलच्या चौदा रेघा.
पहिल्या अकरा दुसऱ्या कुणाच्या अक्षरातल्या.
हिल्काला आता स्टुलावर चढावं लागतं.
उतरताना खिशातून कॅलिपर पडला.
नकळत सोबत आला होता.
तूरे हसला, मनगट पुढे केलं: हे मोज की.
चोपन्न पूर्णांक तीन.
मागच्या हिवाळ्यात किती होतं?
तिला सांगता येईना.
उंचीच्या चौदा रेघा आहेत, जाडीची एकही नाही.
मागच्या हिवाळ्यापासून अंगणातला बर्फ तो काढतो,
लाकडं तो आणतो, आजीला जिन्यावरून तो उतरवतो.
हे तिनं कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

सोमवारी वहीत काउकोची सूचना: पहिलं टेबल, फिती काढा.
कात्री, पहिली गाठ, दुसरी, तिसरी.
एकशे सदतिसावं झाड चौथ्या गाठीनंतर
डावीकडे गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.
हिल्काचा तळवा आपसूक पुढे झाला
आणि खोडापासून दोन बोटांवर थांबला.
पंखा चालू होता.
झाड हलत होतं.
तिनं हात मागे घेतला नाही, लावलाही नाही.