टाऊन हॉलमधला दर्या

कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.
आत तो उभा. वीतभरसुद्धा नाही,
काशाचा, हिरवट, उघडावाघडा,
एक हात वर, आणि त्या हातात काही नाही.
पाटी सांगते: पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव.
ब्रह्मपुरीची टेकडी खणताना सापडला.

शाळांच्या सहली येतात.
सर विचारतात, रोमन लोक याला काय म्हणायचे?
पोरं ओरडतात, नेपच्यून!
भाऊ कोण? झ्यूस! आणि पाताळातला? हेडीस!
एक मार्क, दोन मार्क, तीन मार्क.
उचगावची एक बारकी पोरगी तेवढी
काचेला नाक लावून विचारते,
"काका, कोल्हापुरात समुद्र कुठाय?"

नाही गं बाई.
आमची पंचगंगासुद्धा त्याच्या दर्याकडं पाठ करून
उगवतीला जाते, कृष्णेला गाठायला.
हा आला असणार मावळतीकडनं,
गलबतातनं बंदरावर, बंदरावरनं घाट चढून,
बैलाच्या पाठीवर, मिठाच्या गोणीत खुपसलेला,
अख्खा घाट घुंगरं ऐकत
आणि लाट विसरत.

मीठ हे तर त्याचं जुनं दुखणं.
एका शहरासाठी अथीनाशी जुंपली होती म्हणे.
यानं खडकात त्रिशूळ हाणला,
पाणी उसळलं, पण खारं.
तिनं नुसतं एक झाड लावलं, ऑलिव्हचं.
लोकांनी झाड घेतलं. शहराला तिचं नाव पडलं.
हा फुगला, शिवारं बुडवली, निघून गेला.
आणि एवढं सगळं होऊन, देवा,
हजार कोस तुडवत तू आलास कुठं,
तर परत आईच्याच गावात.

सदबा ओतारी महिन्यातनं एकदा येतात.
तिकीट काढतात, दुसरं काही बघत नाहीत.
चष्मा कपाळावर सारून
त्या रिकाम्या मुठीत डोळा घालतात.
"ओतकाम बेस हाय. हत्यार निराळं ओतून घातलेलं,
म्हणून गेलं."
मग हळूच, "गेलं ते बरंच झालं.
असतं तर कुणीतरी महादेव समजून
शेंदूर फासला असता."

महापुराच्या साली त्यांच्या भट्टीत पाणी शिरलं.
ओसरल्यावर आले, पिंढऱ्यांना गाळ वाळलेला.
मी तिकीट मागितलं नाही.
भांडायला आल्यासारखे काचेपुढं उभे.
"इचार ह्याला, साचं कुठं नेलं म्हणून.
आज्याच्या हातचं चौदा साचं."
तो गप्प. हात वर, तसाच,
उत्तर येत नसताना
हात वर करून बसलेल्या पोरासारखा.

मागल्या पावसाळ्याआधी त्यांनी खिशातनं पुडी काढली.
आत काडेपेटीतल्या काडीएवढा त्रिशूळ,
पितळी, मधला दाता जरा वाकडा.
"बसतोय का बघूया?"

किल्ली खिशात जड झाली.
जुन्याला नवं जोडायचं नाही, असा नियम आहे.
मी नियम सांगितला.
ते काचेबाहेरनंच माप घेत राहिले, एक डोळा मिटून,
बराच वेळ.
"मोठा झालाय," म्हणाले, "सूतभर."
आणि पुडी परत बांधली.

कुलूप घालताना मी दिवा सगळ्यात शेवटी त्याचाच मालवतो.
बाहेर झाडांवरनं वटवाघळं उठलेली असतात.
सायकल काढून शिवाजी पुलाकडं जातो,
पाणी बघायला, अख्खं गाव जातं तसं.

परवा घाटावर उतरलो,
ओंजळ भरली, कुणी बघत नाही असं बघून
जिभेला लावली.
गोडं होतं. गढूळ, पण गोडं.

त्याला अजून सांगितलेलं नाही.