आवाज कसा येतो

कन्नडच्या पिशोर नाक्यावर
गफूर मिस्त्रीचं गॅरेज आहे, बोर्ड नाही.
कडुलिंबाला टांगलेली चाकाची रिकामी रिंग,
हीच खूण.

मिस्त्रीला ऐकू येत नाही.
तीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारून
आधी कान गेले, मग कानांची सवयही.
गिऱ्हाईक बोलतं तेव्हा तो ओठांकडे बघतो
आणि इंजिन बोलतं तेव्हा बॉनेटवर तळवा ठेवतो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"सिस्टर, आवाज कसा येतो?"
"ब्रेक दाबला की येतो."
"कधी नाही विचारलं. कसा. करून दाखवा."

उपकेंद्रात बावीस वर्षं काढलेली मी,
भर नाक्यावर ओठ ताणून
'चींईई' केलं.
भागिनाथ पाना टाकून हसायला लागला.
मिस्त्री नाही हसला. म्हणाला,
"चिमणीवाणी ना? खुरपं दगडावर घासल्यावाणी नाही?"
"चिमणीवाणी."
"मग टाइमावर आलात.
पॅडला पत्र्याची एक जीभ असती.
अंगातला मसाला सरत आला की ती डिस्कला लागती, ओरडती.
खुरप्याचा आवाज म्हंजे
पॅड कधीच मेलं, आता डिस्क मरायली."

चाक उतरलं.
बिस्किटाएवढं होतं म्हणे, तळहातावर आलं ते पापडाएवढं.
त्याच चाकातलं दुसरं मात्र निम्मं शिल्लक.
"पिना जाम झाल्यात. हे एकटंच दाबलं गेलं.
दोघांचं काम एकानं केलं की असंच होतंय."
मी काही बोलले नाही.
तो घरचा विषय नव्हता.

काउंटरवर तीन खोकी.
पहिलं चारशेचं, चकचकीत,
कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त.
"हे गावात चालंल. घाटात तापलं की काच होतं.
तुम्ही पाय दाबाल, गाडी म्हणंल, कोण?"
दुसरं महाग, टणक.
"हे झिजायचं नाही. डिस्कला झिजवंल."
तिसऱ्यावर धूळ, कारण कोणी मागत नाही:
ना स्वस्त, ना जन्माला पुरणारं.
"झिजणारं घ्या, सिस्टर. झिजतं तेच धरतं.
अन् डावं-उजवं दोन्हीकडचं. एका पायात नवी चप्पल घालतंय का कुणी?"

पिना घासल्या, ग्रीस लावलं.
ब्रेकचं तेल काढलं, ते कोऱ्या चहासारखं.
"हे हवेतलं पाणी पितंय. दोन वर्षांला बदला.
उकळलं तर पायाखाली नुसता फेस."

मग दोनशे किलोमीटर दमानं, असं सांगणं.
साठवरून वीसवर, पुन्हा साठ, मधे वारा लागू द्यायचा,
कचकन दाबायचं नाही.
"दोघांची ओळख होऊ द्या."
पिशोरच्या रस्त्यावर, मक्याच्या मधून
मी साठ-वीस, साठ-वीस करत राहिले.
सायकलवरची पोरं एकमेकांना सांगत होती,
बाई गाडी शिकायली.

चाळीसगावला भावाकडे निघाले तेव्हा घाट.
दुसरा गिअर, पाय पेडलच्या वर, पण पेडलवर नाही.
पुढे अद्रकीच्या पोत्यांची पिकअप,
तिच्या चाकांतून करपलेला वास
काचा लावल्या तरी आत येत होता.
ती पुढे गेली, आणि वळणापलीकडे
रस्ताभर मेंढ्या.

दाबला.
गाडी थांबली.
एवढंच.
नंतर कुणाला सांगायला घ्यावं
तर सांगण्यासारखं काही नसतं त्यात.
एका मेंढीनं बंपर हुंगला आणि ती निघून गेली.

परतताना नाक्यावर उतरले.
जुनं पॅड मागून घेतलं,
आता ते लसीकरणाच्या कागदांवर असतं, पंख्याखाली.
मिस्त्रीला म्हणाले, ओठ नीट हलवून,
"आता काहीच आवाज येत नाही."

तो चिंधीला बोटं पुसत होता.
"मला तर कधीचाच येत नाही," म्हणाला,
आणि खाली बसून, चारी चाकांजवळ
एकेक करून
हात नेऊन बघितला.