ठिगळ

तीस वर्षं मी भोकंच पाडत आलोय,
साखर पेठेत, जेकार्डच्या पुठ्ठ्यांवर.
ग्राफवर जिथं चौकोन रंगवलेला, तिथं भोक.
भोकातून सुई गेली की हूक उचलतो,
हुकाबरोबर ताण्याचा दोरा,
आणि चादरीवर मोरपिसाचा एक डोळा.

म्हणून डॉक्टरीणबाई कागदावर पेशी काढू लागल्या
तेव्हा मी खुर्ची पुढं ओढली.
कडेनं त्यांनी खुंट्या काढल्या.
'ह्या सगळ्यांनाच असतात. यांच्या गाठीत फार झाल्यात.
दोन खुंट्या भिडल्या की आत निरोप जातो: वाढ.'
रिपोर्टात होतं तीन प्लस.
नागमणीला वाटलं, मार्क चांगले पडले.

'आणि इंजेक्शन?'
'ते खुंटीवर जाऊन बसतं. निरोप अडतो.'
म्हणजे ठिगळ, मी म्हणालो.
जास्तीचं भोक पडलं की आम्ही कागद चिकटवतो, खळीनं.
माग थांबत नाही, खडखड तीच,
फक्त तेवढा दोरा वर येत नाही.
बाई हसल्या. मग हळूच,
'ठिगळ कधी कधी सुटतं.'
हे मला कशाला सांगायचं.

एकवीस दिवसांनी एक, असे अठरा.
औषध दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं,
आणि सोलापुरात एप्रिल, अशोक चौकात डांबर चपलेला चिकटतंय.
रिक्षात थर्माकोलचा डबा मांडीवर धरून बसलो,
आत कुणी झोपलंय असा.
'माझ्यासाठी कधी बर्फाचा गोळा आणला नाहीस,' नागमणी म्हणाली,
'आणि आता बघ.'

मधूनमधून काळजाचा इको.
तिथंही थोड्या खुंट्या असतात म्हणे.
'म्हणजे काळजालाही ठिगळ?'
मशीनवाला पोरगा काहीच बोलला नाही.
अठ्ठावन्न टक्के, चालेल.

गाठ चार पूर्णांक दोन होती.
तीन डोसांनंतर तीन पूर्णांक नऊ.
शेजारच्या एल्लुबाई म्हणाल्या, एवढंच?
मी सुताचा माणूस. मला तीन दोऱ्यांचा फरक कळतो.

आज रात्री डबलबेडची ऑर्डर, कैऱ्यांचं डिझाइन.
हात चुकला, एक भोक जास्त.
कागद कातरला, खळ लावली.
वाळेपर्यंत अंगठा दाबून धरायचा असतो.
आतून नागमणी विचारते, 'एन्नी? किती राहिले?'
पुठ्ठे विचारते की डोस, कळत नाही.
पुठ्ठे अजून तीनशेवर आहेत.
पंधरा, मी म्हणतो.
अंगठा तसाच.