मोजणारी

आधी अर्धा तास काहीच करायचं नाही.
नुसतं बसायचं, काळोखात,
डोळे काळोखाला सरावेपर्यंत.
दाराच्या फटीत आम्ही ग्रेटलचा मफलर कोंबायचो.
हिरवा होता. तिथे काळाच.

मग सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा,
पलीकडे जस्ताचा लेप दिलेला
नखाएवढा पडदा.
त्यावर ठिणगी पडायची.
ठिणगी म्हणणंही फार झालं,
लांब कुठेतरी काजवा शिंकला असावा, इतकंच.
दिसली की बटण दाबायचं.
एक मिनिट मोजायचं, एक मिनिट डोळे मिटायचे.

आम्ही तिघी होतो. पगार बेताचा.
काम डोळ्यांत तेल घालून करायचं,
आणि तेल ज्याचं त्याने घरून आणायचं.

याच व्हिएन्नात, मी शाळेतही जात नव्हते तेव्हा,
अणूवरून मोठमोठी माणसं भांडली होती.
आहे म्हणणाऱ्याला नाही म्हणणारा विचारायचा,
"तुम्ही पाहिलाय का एखादा?"

कधीकाळी तो गोटी होता, टणक, अभंग.
मग कुणी त्यात मनुका पेरल्या.
मग कुणी सोन्याच्या वर्खावर मारा करून पाहिला
आणि निघाला पोकळ:
प्रॅटरच्या आकाशपाळण्याएवढी पोकळी,
आसाच्या जागी खसखशीचा एक दाणा.

आमच्या वाट्याला आलं दाणा फोडणं.
फुटला तर आतून कण उडेल,
पडद्यावर आदळेल,
आणि पोल्डी बटण दाबेल.
"आज कार्बन आहे," डॉक्टर झेलिंगर दाराबाहेरून सांगायचे,
"कार्बन फुटतो."
मला सतरा दिसल्या.
ग्रेटलला एकोणीस.
समुद्रापलीकडच्या लोकांना एकही दिसत नव्हती.
त्यांचे डोळे म्हातारे, ग्रेटल म्हणाली,
आणि अंधारात तिघी हसलो.

फेब्रुवारीत पाहुणे आले, दोघं. सभ्य. टोप्या हातात.
त्यांनी एकच मागितलं:
आत काय ठेवलंय,
ते मुलींना सांगायचं नाही.

त्या दुपारीही मी तितकंच तेल घातलं.
बाहेरून आवाज नाही. दिसली, दाबलं.
नाही दिसली, नाही दाबलं.
दिवा लागला तेव्हा कागदाच्या पट्टीवर
कार्बन असतानाची मोजणी आणि नसतानाची,
जुळ्या बहिणींसारख्या शेजारी शेजारी.

कुणी ओरडलं नाही.
डॉक्टर खिडकीचा पडदा ओढत राहिले,
तो उघडाच होता.

मी खोटं बोलले नव्हते.
तीस वर्षं हे सांगतेय, कुणी विचारत नसतानाही.
मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात.
माझी पापणी उघडी होती,
फरक एवढाच.

पुढे टिकटिक करणारी यंत्रं आली.
त्यांना कुणी काही सांगत नाही,
सांगितलं तरी ती ऐकत नाहीत.
मग त्या दाण्यातही आणखी एक कण निघाला,
ना धन ना ऋण,
आमच्या पडद्याला त्याने ओळखही दिली नसती.
आणि भोवतीच्या पोकळीला आता धुकं म्हणतात.
असेल.

ओटाकरिंगला राहते मी, तिसऱ्या मजल्यावर.
रविवारी श्ट्रूडेलसाठी खसखस दळते.
शेजारणीचा व्हेंडेलिन वही घेऊन येतो,
शाळेत आत्ताच अणू सुरू झालाय त्यांचा.
"फ्राउ पोल्डी, तुम्ही खरंच पाहिलेत?"
"पाहिले," म्हणते,
"जरा जास्तच पाहिले."
त्याला तो विनोद वाटतो. वाटू दे.

कधी रात्री वीज जाते.
मी मेणबत्ती लगेच लावत नाही,
बसते अर्धा तास.
अजून दिसते एखादी, कोपऱ्यात,
स्टोव्हच्या वर.

बटण दाबत नाही.